अठरा फुटांचा उतार

घरासमोर अंगणात एक खुर्ची टाका आणि दाराकडे तोंड करून बसा. मोबाइल आत राहू द्या. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या.

पायऱ्या किती आहेत? बहुधा तीन. रोज चढता, पण मोजल्या नसतील. एक साधारण सहा इंचांची, म्हणजे तिन्ही मिळून दीड फूट. आता मनाशी म्हणा, मला इथून उठता येत नाही. म्हणून झाल्यावर थोडा वेळ तसेच बसा. दार उघडंच आहे.

आता आतल्या माणसाकडे वळा. पक्षाघात झालेले वडील असतील, अपघातानंतर चाकाच्या खुर्चीवर आलेला भाऊ असेल, गुडघ्यांनी साथ सोडलेली आई असेल. आईला बाहेर न्यायचं तर दोघं-तिघं खुर्ची उचलतात. मायेनंच उचलतात. त्या वेळचे तिचे हात डोळ्यांसमोर आणा. दांड्यांवर बोटं आवळलेली असतात, आणि शेवटची पायरी संपेपर्यंत ती एक शब्द बोलत नाही. पुढे पुढे ती म्हणू लागते, ‘आज नको, तुम्ही जाऊन या.’ आपण ते खरं मानतो.

इथे जरा थांबा.

पायऱ्यांऐवजी खुर्चीला उतार हवा, आणि उताराचं गणित सोपं आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणून दीड फुटाला अठरा. मनातल्या मनात पावलाला पाऊल लावत हे अंतर चाला. वाटेत मोटारसायकल येईल, कुंड्या येतील, तुळशीवृंदावन येईल. कुणीतरी म्हणेल, सहा फुटांत बसवू की! तसला रॅम्प करूच नका. चढताना मागून ढकलणारा लागतो आणि उतरताना खुर्ची हातात राहत नाही. जागा कमी असेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन उतार वळवा, पण लांबी कापू नका.

गवंड्याला सांगा, गुळगुळीत घोटू नकोस. पावसात चाक घसरतं. सिमेंट ओलं असतानाच खराट्यानं आडव्या रेघा ओढून घ्या. दोन्ही बाजूंना चार इंच उंच कड, धरायला कठडा, आणि दारापाशी पाच बाय पाच फुटांची सपाट जागा. तिथे खुर्ची थांबवून निवांतपणे कडी काढता येते.

उंबरठ्याशी मन अडेल. नवी सून तिथेच माप ओलांडून आत आलेली असते. पण खुर्चीची पुढची चाकं लहान असतात, इंचभर लाकडालाही अडतात. उंबरठा राहू द्या, त्याला आतून-बाहेरून लाकडाचा निमुळता उतार द्या. रांगोळी बाजूला काढता येते.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आत्मचरित्राला नावच ‘चाकाची खुर्ची’ दिलं. त्या खुर्चीला आपल्या दारातून वाट आहे का, एवढंच पुन्हा एकदा पाहा.

आता उठा. तुम्हाला उठता येतं. टेप आणून पायऱ्यांची उंची मोजा, आणि उतार कोणत्या बाजूनं काढायचा ते आधी आईला विचारा.