वाऱ्याकडे तोंड

परतवाड्याहून धारणीकडे निघालेला रस्ता घटांगच्या चढाला लागला आहे. दोन्ही बाजूंना साग. मे महिना. पानं गळून गेलेली.

कडेला एक उंच व्हॅन थांबली आहे. चारही चाकांना जोर असलेली, आडवाटेची. फिरता दवाखाना समजा. इंजिन आत्ताच बंद झालं आहे.

तुम्ही तिच्यासमोर उभे आहात. कुठंही जायचं नाही.

ऐका.

पंखा अजून फिरतो आहे. घरघर मंदावते. थांबते. मग आतून बारीक आवाज येतो, टिक्… टिक्… तापलेला धातू आकसतो आहे.

श्वास आत घ्या. गरम रबराचा वास. धुळीचा वास. वाळल्या गवताचा वास.

श्वास सोडा.

आता उकिडवे बसा. डोळे पुढच्या ग्रिलच्या पातळीवर आणा. आडव्या पट्ट्यांमधून आत पाहा. आधी एसीचा कंडेन्सर दिसतो. त्याच्यामागे इंटरकूलर. त्याच्याही मागे, अंधारात, रेडिएटर. तिघंही एकाच वाऱ्यावर जगतात. पुढच्यानं तापवलेली हवा मागच्याच्या वाट्याला येते.

नजर रेडिएटरवर ठेवा. चपट्या नळ्या. नळ्यांच्या मधे अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक, पातळ घड्या. गॅरेजात त्यांना फिन म्हणतात. नखानं दाबलं तरी वाकतात.

बोट लावू नका. नुसतं पाहा.

एवढं नाजूक या गाडीत फारसं काही नाही. आणि तेच गाडीच्या तोंडाशी आहे. दगड तिकडूनच येतो, काटा तिकडूनच येतो, आणि वाराही तिकडूनच.

इथं थोडं थांबा.

आत कूलंट आहे. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट त्याला इकडं येऊ देत नाही. साधारण 82 ते 88 अंशांवर वाट उघडते, आणि इंजिनाची उष्णता घेऊन ते या नळ्यांत उतरतं. एका टोकाला फार गरम. दुसऱ्या टोकाला थोडं कमी. या दोन टोकांच्या मधे वारा आपलं काम करून गेलेला असतो.

किती काम? ते वारा किती थंड आहे, यावर आहे.

पौषातली चिखलदऱ्याची पहाट मनात आणा. हवा 10 अंश, कूलंट 90. मधे 80 अंशांचं अंतर. आता मे महिन्यातली अकोल्याची दुपार आणा. हवा 45. अंतर तेवढंच, 45. नळ्या त्याच, पंखा तोच, आणि उष्णता टाकायला जागा जवळपास निम्मी.

अंगावरून ही गरम हवा जाऊ द्या. एक श्वास. आणखी एक.

1886 च्या बेंझच्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जाई, आणि चालक पुन्हा पाणी ओती. 1901 च्या सुमाराला विल्हेल्म मायबाख यांच्या मर्सिडीजमध्ये 8,070 बारीक चौकोनी नळ्यांचा रेडिएटर आला. आठ हजार सत्तर भोकं, आणि प्रत्येकातून थोडा वारा. डोळे मिटा. तेवढ्या भोकांतून जाणारा वारा ऐकू येतो का, पाहा.

डोळे उघडा.

ग्रिलच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहा. काय अडकलं आहे तिथं?

कुसळं. मेळघाटातल्या गवताची, वाळलेली, टोकदार. एक फिनमध्ये शिरलं, की त्याच्या आधारानं दुसरं बसतं. त्यांच्यावर पांढुरका कापूस. वऱ्हाडात हंगामात जिनिंगच्या रस्त्यानं गाडी फिरली, की हे तंतू येणारच. मग त्यावर धूळ. मागच्या पावसाळ्यातली काळी माती तर फिनच्या आत वाळून घट्ट झाली आहे.

बाहेरून हे फारसं दिसत नाही. गाडी सपाटीवर धावते, तापमानाचा काटा शांत असतो. चढ लागला, वेग उतरला, एसी चालू आहे, की काटा हलतो.

मग माणूस संरक्षणाचं बघतो. बारीक जाळी लावतो. त्यापुढं आणखी एक. बंपरवर जाड पत्रा, दिवे, फळी.

वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांवर चादर टाकून पाहा. धूळ येत नाही. वाराही येत नाही.

परतवाड्यातला जुना मेस्त्री अशी जाळी हातात घेऊन आधी तिच्यातून उजेड बघेल. म्हणेल, "हवा जाऊ दे ना बाप्पा!"

तुम्हीही तसंच बघा. जाळीतून पलीकडचा साग दिसतो का? दगड अडेल इतकी बारीक, आणि वारा जाईल इतकी मोकळी. रेडिएटरला चिकटलेली नको. मधे पोकळी हवी. म्हणजे फांदी आदळली आणि जाळीला पोचा आला, तरी तो पोचा फिनपर्यंत पोचत नाही.

त्या पोकळीकडे पाहत राहा. तिथं काहीच नाही. तसंच राहू द्या.

आता अगदी खाली वाका. पोटाखाली इंजिनाचं चेंबर आहे, त्याला गार्ड आहे. काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा छोटा कूलर इथंच लोंबत असतो. सागाच्या खुंटाला पहिला तोच भिडतो.

दगड-खुंटांपासून वाचवायला काही हलवायचं असेल, तर आधी हे छोटं हलवावं, असं माझं मत आहे. वर, चासीच्या आडोशाला, स्वतःचा छोटा पंखा देऊन. मोठा रेडिएटर सहसा पुढंच बरा. वाळवंटी शर्यतीच्या गाड्यांत तो मागच्या हौद्यात उंच चढवतात, खरं आहे. पण तिथं दणकट पंखे आणि वारा आणून देणारी वाट बरोबर असते. 1980 च्या दशकातल्या फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये इंजिन मागं आणि रेडिएटर पुढं होता. मधे जमिनीलगत लांबच लांब पाइप. त्यात हवा अडकली, की ती काढता काढता मेस्त्री रडकुंडीला येत असणार.

जागा बदलली, तर भरायचं तोंड सगळ्यांत उंच राहील एवढं बघा. हवा वर जाते. तिला वाट द्या.

रेडिएटरच्या बुडाशी रबराचे बुश आहेत. त्यांच्याकडे पाहा. रस्त्याचा प्रत्येक धक्का ते थोडा गिळतात, आणि रेडिएटर किंचित डुलतो. मजबुतीच्या नावाखाली हे बुश काढून तो लोखंडाला घट्ट आवळला, तर टाकीचे जोड तडकतात.

तुमचे खांदेही थोडे सैल सोडा.

श्रावण मनात आणा. सिपना नदी भरून वाहते आहे. गाडी पाण्यात उतरते. पाणी ग्रिलमधून आत येतं, पंख्याची पाती त्यात अडतात, पुढं वाकतात, आणि रेडिएटरलाच घासू शकतात. म्हणून जुने चालक आधी पट्टा सैल करत, किंवा पुढं ताडपत्री बांधत. पलीकडे गेल्यावर ती सोडत. आणि पाणी उतरायची वाट पाहणं हाही एक मार्ग आहेच. सोपा नाही, पण आहे.

पुन्हा मे महिन्यात या.

रेडिएटरमध्ये ओतायला कुणीतरी पाण्याची बाटली पुढं करेल. खाली पूर्णेच्या खोऱ्यात भरलेली. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. तिथल्या विहिरींचं पाणी जिभेलाच खारट लागतं. नळ्यांना ते जास्तच लागतं. आत क्षार धरतात, धातू खाल्ला जातो, आणि बाहेरून कितीही जाळ्या लावल्या तरी त्यांचा इथं उपयोग नाही. हे पाणी फार तर बाहेरून शिंपडायला घ्या. आत शुद्ध केलेलं पाणी आणि कूलंट.

झाकण आत्ता उघडायचं नाही. आत दाब आहे. त्या दाबामुळंच आतलं पाणी उकळलेलं नाही. चिखलदऱ्याच्या उंचीवर, 1,100 मीटरच्या आसपास, उघडं पाणी साधारण 96 अंशांनाच उकळतं. झाकण फिरवलं, की सगळं एकदम अंगावर.

बसून राहा. इंजिन बंद केल्यावर काही वेळ आतली उष्णता उलट चढते. मग उतरायला लागते. तिला उतरू द्या.

आता शेवटचं. गाडीखालची जमीन पाहा.

कोरडी आहे? बरं.

हिरवट ओल दिसली, तर नीट लक्ष द्या. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर विष. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, 1973-74 पासूनचा. उन्हाळ्यात इथले नाले आटतात, आणि ओल दिसेल तिथं तहानलेलं तोंड लागतं.

म्हणून जंगलात जाताना गाडीत एक पसरट घमेलं आणि झाकणाचा डबा ठेवा. गळती दिसली, की घमेलं खाली सरकवा. सांडलेलं मातीसकट खरवडून डब्यात भरा, आणि परतवाड्याला परत न्या.