अपेक्षित त्यागाचे मोल

एखादी गोष्ट आपण करावी असे घरादाराने, नात्यागोत्याने आणि धर्ममंडळाने आपल्या जन्मापासूनच गृहीत धरलेले असेल आणि ती आपण केली, तर ती आपण दिली असे म्हणावे, की ती आपणाकडून घेतली गेली असे म्हणावे? घरातला एक तरी मुलगा सेमिनरीत जावा म्हणून माता जेथे रोझरीचे मणी झिजवितात, त्या धर्मग्रामांना हा प्रश्न नवा नाही. परंतु आपल्या माणसांविषयी तो विचारू लागलो की मन पक्षपाती होते. म्हणून आज आम्ही तो जरा दूर नेणार आहोत. ज्यांच्या श्रद्धेशी आपले फारसे जुळत नाही अशा एका पंथाच्या तरुणांकडे पाहून तो विचारणार आहोत.

हे तरुण म्हणजे मॉर्मन मिशनरी. जोसेफ स्मिथ याने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. त्याचे मुख्यालय आज अमेरिकेच्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी येथे आहे. त्यांचा सिद्धान्त आपणांस मान्य होण्यासारखा नाही आणि त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य धरता येत नाही, असा निर्णय रोमने २००१ साली दिलेलाच आहे. तो वाद येथे नको. आम्हांस पाहावयाचे आहेत ते या मुलांचे दिवस.

मुलगा अठरा वर्षांचा झाला की तो अर्ज करतो. २०१२ पर्यंत ही अट एकोणीस वर्षांची होती. देश निवडण्याचा अधिकार त्याला नसतो. नेमणूक मुख्यालयातून येते आणि ती ब्राझीलची असेल, घानाची असेल किंवा शेजारच्या राज्याचीही असेल. मुदत चोवीस महिन्यांची. वेतन नाही, उलट खर्च त्याने वा त्याच्या कुटुंबाने सोसावयाचा. अमेरिकन घरांसाठी तो दरमहा ४०० डॉलर असे आणि जुलै २०२० पासून तो ५०० झाला. काही आठवडे प्रशिक्षण केंद्रात परकी भाषा घोटून घेतली जाते. मग काळ्या नामपट्टीवर त्याच्या आडनावामागे ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, हे बिरुद लागते. ओठांवर नीट मिसरूड न फुटलेल्या मुलास वडीलधारा म्हणण्यात काही गंमत आहे खरी, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की आईने हाक मारावयाचे त्याचे नाव त्या पट्टीवर नसते.

समजा, त्याची नेमणूक जपानात झाली. सर्वसाधारणपणे साडेसहाला उठावयाचे. व्यायाम, प्रार्थना, शास्त्राचे आणि भाषेचे अध्ययन करून सायकलीवर बाहेर पडावयाचे. रात्री साडेदहाच्या सुमारास दिवा मालवावयाचा. दूरदर्शन नाही, मुलींशी सलगी नाही. आणि एकांत नाही. हा शेवटचा नियम आम्हांस सर्वांत कठीण वाटतो. मिशनरी नेहमी जोडीने राहतात; जोडीदार दृष्टीच्या आणि हाकेच्या टप्प्यात असलाच पाहिजे. तो जोडीदारही आपण निवडलेला नसतो. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा दिवस येतो. त्या दिवशी हा जाईल की राहील, हे वरून कळते. नवरा-बायकोलाही दिवसातून चार-सहा तासांचा दुरावा लाभतो, म्हणून पुष्कळ संसार टिकतात असे आमचे निरीक्षण आहे. या मुलांना तेवढीही सवड नाही. न आवडणाऱ्या माणसाशी सकाळी प्रथम बोलणे आणि रात्री अखेरचे बोलणे, हे ज्याला दीड महिना साधले त्याने अध्यात्माचा बराच मोठा धडा गिरविला असे म्हणण्यास हरकत नाही.

आणि चहा. १८३३ सालच्या एका आज्ञेमुळे मॉर्मन चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू यांना स्पर्श करीत नाहीत. जपानी घरात मोठ्या मुश्किलीने दार उघडते, वृद्ध गृहिणी आदराने हिरवा चहा पुढे ठेवते, आणि या मुलांना तो नाकारावा लागतो. पाहुण्याने चहा नाकारला म्हणजे यजमानाच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे मराठी घरास समजावून सांगावयास नको. सुदैवाने तेथे भाजलेल्या जवाचा ‘मुगिचा’ नावाचा चहाही असतो. त्यात चहाची पाने नसल्याने तो चालतो. नियम आणि माणुसकी यांची भेट कधी कधी अशी स्वयंपाकघरातच घडते.

परंतु बहुतेक दारे उघडतच नाहीत. जपानात सर्व पंथांचे ख्रिस्ती मिळूनही शंभरात एकाच्या आसपास आहेत. हीबर ग्रांट हे १९०१ साली तिघा सहकाऱ्यांसह योकोहामास उतरले. १९२४ साली ते मिशन बंद करावे लागले तेव्हा तेवीस वर्षांतील बाप्तिस्म्यांची संख्या दोनशेपर्यंतही पोहोचली नव्हती. आपल्याकडेही याहून वेगळे घडले नाही. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा स्कॉटिश मिशनरी मुंबईस आला, पुण्यात त्याने एक लहानशी मंडळी जमविली, आणि १८५५ मध्ये तो परतला. आज पुण्यात त्याचे नाव कोणाच्या कानावर नाही.

आता प्रश्नाकडे वळू. या मुलाने दोन वर्षे दिली, की त्याच्याकडून ती घेतली गेली? आक्षेप सोपा आहे. त्या समाजात तरुणाने मिशनवर जाणे हे त्याच्या धर्मपदाचे कर्तव्य मानले जाते. जो गेला नाही त्याच्याकडे, आणि जो अर्ध्यावरून परतला त्याच्याकडे, लोक कसे पाहतात हे त्यांच्यातलेच अनेक जण सांगतात. मग यात स्वेच्छा कोठली? मुलींची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांच्यावर हे बंधन नाही असे त्यांचे अधिकारी वारंवार सांगत आले. तरीही २०१२ साली मुलींची वयोमर्यादा २१ वरून १९ वर येताच त्यांच्या अर्जांचा लोंढा आला. ज्यांना कोणी बोलाविले नव्हते त्या आल्या. तेव्हा खरे दान त्यांचे, आणि मुलांचा तो केवळ कर, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह पडतो.

आम्हांस तसे वाटत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी विचारले होते की नवसाने बांधून घेऊन केलेले सत्कृत्य श्रेष्ठ, की सहज केलेले? त्यांचे उत्तर नवसाच्या बाजूचे आहे. त्यासाठी त्यांनी दिलेला दाखला शेतकऱ्याला पटकन उमगेल असा आहे: एक जण झाडाची फळे देतो, दुसरा झाडच देऊन टाकतो. बंधन आले म्हणजे दान संपले असे नव्हे. मात्र येथे एक मेख आहे. नवस स्वतःच्या तोंडाने बोलावयाचा असतो. या मुलाचे झाड त्याच्या आजोबांनीच देऊन टाकलेले असेल, तर त्याचे पुण्य त्याच्या खाती कसे जमा होईल?

आम्हांस वाटते, दान नेहमी आरंभीच दिले जाते असे नाही. विमानतळावर सारे गोत निरोप देत असताना अठरा वर्षांचा मुलगा निघतो, तेव्हा तो बहुधा अपेक्षेनेच निघतो. पण नवव्या महिन्यात पावसात भिजलेल्या एका गल्लीत विसावे दार बंद झाल्यावर एकविसाव्या दाराची घंटा वाजवायची की नाही, हा निर्णय युटातील कोणीही त्याच्यासाठी घेऊ शकत नाही. तेथे अपेक्षेचा हात पोहोचत नाही. १९०१ च्या त्या चौघांत आल्मा टेलर हा सर्वांत लहान, जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. तो १९१० पर्यंत जपानात राहिला आणि त्याने त्यांच्या धर्मग्रंथाचे जपानी भाषांतर १९०९ साली प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाविषयी आमचे मत काहीही असो, अपेक्षेच्या शिदोरीवर माणूस एवढे चालत नाही.

मात्र या विचाराला एक मर्यादा आहे आणि ती दाराच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाची आहे. घंटा वाजविणाऱ्याचा त्याग कितीही शुद्ध असला, तरी आतल्या माणसाचा आकडा झाला की तो त्याग नासतो. १९६० च्या आसपास इंग्लंडात असेच घडले. मॉर्मन मिशनऱ्यांनी पोरांना बेसबॉलच्या खेळाने जमविले आणि संघात येण्याच्या भरात अनेक मुलांचे बाप्तिस्मे उरकले. आपण काय स्वीकारले हे त्या मुलांना ठाऊक नव्हते. पुढे त्यांतील पुष्कळ नावे वहीतून काढावी लागली. हे वाचून आपण हसू नये. वसई असो, गोवा असो वा नगर जिल्हा, आपल्या पूर्वजांविषयीही कोणी तरी कोठे तरी असेच आकडे कळविले होते. प्रसार करताना दडपण आणि अप्रतिष्ठित मार्ग टाळावेत, आणि गरीब व अशिक्षित यांच्याशी वागताना तर ते अधिकच टाळावेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात स्पष्ट केले, ते हा सारा इतिहास गाठीशी असल्यामुळेच. ज्या मुलाला स्वतःचा नकार उच्चारण्याची मुभा नव्हती तो दुसऱ्याच्या नकाराचा मान कसा राखील, ही आमची खरी चिंता आहे. आणि म्हणूनच या प्रश्नाचा अर्धा भाग त्या मुलाचा नाही. तो त्याच्या घराचा आहे.

पूर्वी या मुलांना नाताळ आणि मातृदिन असे वर्षातून दोनच दिवस घरी दूरध्वनी करता येई. एरवी आठवड्याचे पत्र. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलण्याची परवानगी मिळाली. त्यागाची धार बोथट झाली अशी कुरकुर करणारे जुने लोक तेथेही असतीलच. आम्ही त्यांच्या बाजूचे नाही. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुण्याचा, बाजारहाटाचा आणि घरी बोलण्याचा असतो. जपानातील सोमवारची सकाळ म्हणजे युटातील रविवारची संध्याकाळ. यंत्रात सदरे घुसळत असतात, जोडीदार पलीकडे बसून आपल्या घरी बोलत असतो आणि पडद्यावर आईचा चेहरा येतो. जेवलास काय, थंडी किती, नवा जोडीदार कसा आहे, असे सारे विचारून होते. परत यावेसे वाटते काय, हे विचारण्याचे धैर्य आणि ‘हो’ असे उत्तर आले तर त्याची खोली झाडून ठेवण्याचे धैर्य त्या आईपाशी आहे की नाही, हे त्या मुलास त्या पाऊण तासात शब्दांवाचून कळते.