भीतीचा सौदा

नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, दत्ताच्या पादुकांपुढे 'बाधा' झालेली माणसे आणली जातात. आपल्या दर्ग्यांतही आणली जातात. भुताच्या भीतीला धर्म नसतो. हीच भीती नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी कथांतून विकली, आणि आपण ती आवडीने वाचली. मग ही कमाई हराम म्हणावी का? आम्हाला तसे वाटत नाही. पुस्तक मिटले की त्यातले भूतही मिटते आणि वाचक थोडा धीट होऊन उठतो. म्हणूनच भयकथेचा वाचक आटत नाही. गंडे-तावीज विकणारा भोंदू मात्र भीती मिटूच देत नाही, कारण तिच्यावरच त्याची चूल पेटते. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्याच्यासाठी आहे. लेखकाने एवढेच पाळावे: गोष्ट ही गोष्ट म्हणूनच विकावी.