पंगतीचा आचारी आणि घरचे पान

वैशाखात विवाहमुहूर्तांची दाटी असते आणि मुलांच्या शाळेला सुटीही त्याच दिवसांत असते. ज्याचा पिता लग्नघरी आचारी आहे, त्या मुलाची सुटी पित्यावाचूनच सरते. पुढे चातुर्मासात मुहूर्त बहुधा थांबतात, चूल विसावते. पण तेव्हा शाळा सुरू झालेली असते. शेकडोंना आग्रहाने वाढणाऱ्याच्या घरी त्याचे पान मात्र रिकामे राहते. यात धर्म कोणता?

केवळ स्वतःसाठी अन्न शिजविणे गीतेच्या तिसऱ्या अध्यायाने पाप मानले आहे. आचाऱ्याचे कर्म, मोबदला घेऊनही परार्थबुद्धीने केले, तर यज्ञस्वरूपच होय. परंतु त्यावरून घर म्हणजे स्वार्थ, असा अर्थ काढणे युक्त नव्हे. अपत्याचे संगोपन हेही गृहस्थाचे नियत कर्म आहे. आणि नियत कर्माचा मोहाने केलेला त्याग अठराव्या अध्यायात तामस ठरविला आहे. यज्ञशेष हा प्रसाद असतो. घराच्या वाट्याला केवळ थकवा आणि चिडचीड उरत असेल, तर तिला ते नाव देता येणार नाही.

सण तिथीने येतो, परंतु सहवासाला मुहूर्त लागत नाही. श्रावणातील एखादा रविवार घराचा म्हणून आधीच ठरवावा आणि यजमानाला दिलेल्या शब्दाइतकाच कसोशीने पाळावा. यजमानांनीही शेवटची पंगत उठल्यावर आचाऱ्यास अडवून ठेवू नये. त्याचेही घर जागे असते. वाढणारा स्वतःच्या मुलाशेजारी पानावर बसेल, तेव्हाच त्याचा यज्ञ पुरा झाला असे समजावे.