सुलभतेचे मूल्य : हिब्रू, इटालियन आणि अध्येता

परभाषेच्या अध्ययनाचा विचार करताना ‘कोणती भाषा सोपी?’ हा प्रश्न इतक्या सहजपणे विचारला जातो, की त्यामागे एक मूल्यनिर्णय दडलेला आहे याचे भान सुटते. हिब्रू आणि इटालियन यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या वर्गीकरणानुसार इटालियनवर कामापुरते प्रभुत्व मिळवण्यास २४ ते ३० आठवडे, तर हिब्रूसाठी सुमारे ४४ आठवडे लागतात. बंगालीचा समावेशही हिब्रूच्याच वर्गात केलेला आहे. हे मोजमाप खोटे नाही. मात्र ते इंग्रजीच्या उंबरठ्यावर उभे राहून केलेले आहे. बंगाली हिब्रूइतकीच अवघड, हे विधान मराठी वाचकाला विचित्र वाटते. एवढ्यावरूनही लक्षात येते, की काठिण्य हे बव्हंशी दोन भाषांमधील अंतराला दिलेले नाव आहे.

मराठीच्या बाजूने हे अंतर निराळेच दिसते. ‘मी लिहितो’ आणि ‘मी लिहिते’ यांत बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदच सांगते. हिब्रूच्या वर्तमानकाळातही पुरुष ‘अनी कोतेव’ म्हणतो, स्त्री ‘अनी कोतेवेत’ म्हणते. इटालियन ‘स्क्रीवो’ मात्र दोघांनाही चालते. मराठीच्या भूतकाळात ‘ग्रंथ वाचला’, ‘पोथी वाचली’ असे क्रियापद कर्मामागे जाते. हिब्रूत हे घडत नाही. इटालियनमध्ये मात्र कर्म सर्वनामरूपाने क्रियापदाआधी आले, की ‘लॉ लेत्तो’, ‘लॉ लेत्ता’ असे धातुसाधित कर्माचे लिंग घेते. तात्पर्य, कोणतीही भाषा सर्व अंगांनी सारखीच दूर नसते.

लिपीच्या संदर्भात मात्र हा भेद अधिक मूलगामी होतो. इटालियन लेखन बहुतांशी उच्चारानुसारी आहे. काही दिवसांच्या सरावाने अध्येता एखादे पान, त्यातील एका वाक्याचाही अर्थ न कळता, मोठ्याने वाचू शकतो. हिब्रूची बावीस अक्षरे मूलतः व्यंजनांची. त्यांतील काही स्वरसूचक म्हणूनही वापरली जातात, परंतु बरेचसे स्वर लिहिलेच जात नाहीत. ‘स-फ-र’ ही तीन अक्षरे ‘सेफर’ म्हणजे पुस्तक, ‘सपार’ म्हणजे न्हावी किंवा ‘सफार’ म्हणजे ‘त्याने मोजले’, यांपैकी काहीही असू शकतात. वाक्य समजल्याखेरीज शब्द वाचता येत नाही. इटालियनमध्ये उच्चार अर्थाच्या आधी हाती येतो; हिब्रूत अर्थ हेच उच्चाराचे प्रवेशद्वार असते.

परंतु हा भेद निरपवाद मानता येणार नाही. इटालियनमध्ये ‘आन्कोरा’ हा शब्द आघात पहिल्या स्वरावर असल्यास ‘नांगर’ आणि दुसऱ्यावर असल्यास ‘अजून’ असा अर्थ देतो, आणि तो आघात एरवी लिहिला जात नाही. आपली देवनागरीही ‘जरा’ म्हणजे थोडे की म्हातारपण, हे वाचकावरच सोपवते. दुसरीकडे, तिबेरिया येथील मासोरा परंपरेच्या पंडितांनी सिद्ध केलेल्या स्वरचिन्हांमुळे हिब्रूही अर्थावाचून वाचता येते. प्रार्थनाग्रंथ, कविता आणि बालवाङ्मय यांत ती चिन्हे आजही छापली जातात. वृत्तपत्रांत सहसा नाहीत. म्हणजे एकच भाषा भक्ताला उच्चार सुलभ करून देते आणि वृत्तपत्राच्या वाचकाकडून मात्र आधी अर्थ मागते.

येथे एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो : ज्याचा उच्चार साधला त्यावर आपला अधिकार पोहोचतो काय? या प्रश्नाला महाराष्ट्रातील बेने इस्रायली समाजाने एक उत्तर दिलेले आहे. १८७४ साली पुण्यात प्रसिद्ध झालेल्या ‘हागादा’मध्ये वल्हांडणाच्या विधीचे हिब्रू पाठ मराठी भाषांतरासह छापलेले आहेत. पवित्र उच्चार परंपरेने मिळतो, अर्थ मात्र स्वतः मिळवावा लागतो, अशी जाणीव या मांडणीत दिसते. त्याआधी, १८३२ साली, जॉन विल्सन यांनी याच समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे प्रसिद्ध केली होती. विल्सन मिशनरी होते. भाषा सुलभ करून देणाऱ्याचा हेतू तिच्याबरोबर येतोच, हेही यावरून ध्यानी घ्यावे लागते.

‘सोपी’ आणि ‘अवघड’ या द्वंद्वात अध्येता हा ग्राहक आणि भाषा ही तयार वस्तू असे गृहीत धरलेले असते. या दोन भाषांचा इतिहास ते गृहीतक मोडीत काढतो. १८६१ साली इटलीचे एकीकरण झाले तेव्हा इटालियन बोलणाऱ्यांचे प्रमाण तुल्लिओ दे मौरो यांनी सुमारे अडीच टक्के मानले. पुढे आर्रीगो कास्तेल्लानी यांनी ते दहा टक्क्यांच्या आसपास नेले. कोणताही अंदाज स्वीकारला, तरी बहुसंख्य इटालियनांना इटालियन शिकावी लागली, हे उघड आहे. मिलानचे मान्झोनी यांनी आपल्या कादंबरीची १८२७ची आवृत्ती फ्लॉरेन्सच्या बोलीनुसार पुन्हा घडवली आणि १८४० ते १८४२ या काळात प्रसिद्ध केली. इटालियन गद्याचा हा शिल्पकार स्वतः त्या बोलीचा विद्यार्थी होता. एलिएझेर बेन-येहुदा १८८१ साली जेरुसलेमला आले. पुढच्या वर्षी जन्मलेल्या मुलाला त्यांनी फक्त हिब्रूत वाढवले. ज्यांची ती मातृभाषा नव्हती, त्यांनीच ती पुढच्या पिढीची मातृभाषा केली.

या निर्मितीची किंमत इतर भाषांनी मोजली. १९२३ साली तेल अवीवमध्ये स्थापन झालेल्या भाषारक्षकांच्या दलाने यिद्दिशच्या सार्वजनिक वापराला विरोध केला. इटलीच्या १९९९च्या कायद्याने बारा अल्पसंख्य भाषांना संरक्षण दिले, त्यांत नेपल्सची आणि व्हेनिसची भाषा नाही. आज कोणी ‘इटालियन सोपी’ म्हणतो, तेव्हा त्या एकरूप प्रमाणभाषेसाठी मागे सरलेल्या बोलींचे मौनही त्या सुलभतेत मिसळलेले असते.

म्हणून ‘हिब्रू की इटालियन?’ या प्रश्नाला आठवड्यांच्या हिशेबात दिलेले उत्तर अपुरे राहते. ते वेळापत्रकाला उपयोगी आहे. अध्ययनाचे प्रयोजन त्यातून कळत नाही. हिब्रूत अर्थाची वाट पाहण्याचा संयम वृत्तपत्राचे पानच शिकवते. इटालियनच्या अध्येत्याला तो स्वतः बाळगावा लागतो, कारण तेथे जीभ समजुतीच्या पुढे धावते आणि तिला अडवणारे कोणी नसते. जी भाषा लवकर दार उघडते, तिच्या घरात अधिक जपून वावरावे लागते.