कैवारी निवडताना

आपल्या मंडळ्यांतून एक समज खोलवर रुजलेला आढळतो. वकिलाची पायरी चढणे म्हणजे भांडणाची तयारी करणे, आणि भांडण विश्वासणाऱ्याला शोभत नाही, असा तो समज. त्याला आधार म्हणून करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाकडे बोट दाखवले जाते. परिणामी घर विकत घेताना, भाडेकरार लिहिताना, मृत्युपत्र करताना जो सल्ला तासाभरात मिळाला असता तो घेतला जात नाही, आणि पुढे तेच प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयात रेंगाळते. भांडण टाळावे म्हणून वकील टाळला, आणि वकील टाळला म्हणून भांडण पदरी आले!

पौलाने त्या अध्यायात नेमका कशाचा निषेध केला आहे? भावाने भावाला लुबाडावे आणि त्याचा निवाडा बाहेरच्यांपुढे मांडावा, याचा. कायदा जाणून घेण्यास त्याची हरकत नव्हती. फिलिप्पै येथे त्याने आपल्या रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला, आणि कैसरियात थेट कैसराकडे दाद मागितली. तीताला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो जेनास नावाच्या मनुष्याला वाटेत काही उणे पडू नये अशी काळजी घ्यायला सांगतो. या जेनासाला ग्रीकमध्ये ‘नोमिकोस’ म्हटले आहे. मोशेच्या नियमशास्त्राचा पंडित की रोमी कायद्याचा जाणकार, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही, आणि भाषांतरकाराची लेखणी तेथे अडखळते. तथापि कायदा जाणणारा एक मनुष्य प्रेषिताच्या सोबत्यांत होता, एवढे निश्चित.

सल्ला आणि दावा यांतला भेद लक्षात घेतला पाहिजे. मृत्युपत्राचेच उदाहरण घेऊ. गोव्यात वारशाचा कायदा निराळा आहे. इतरत्र बहुतेक ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यानुसार मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. पण ज्याला मालमत्ता द्यायची त्यानेच, किंवा त्याच्या पत्नीने वा पतीने, साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेला वाटा रद्द ठरतो. विधुराने मृत्युपत्र करून नंतर पुनर्विवाह केला तर आधीचे मृत्युपत्र सामान्यतः आपोआप रद्द होते. मृत्युपत्रच नसेल, आणि पत्नी व मुले मागे असतील, तर पत्नीला एक तृतीयांश मिळून उरलेले मुलगे व मुली यांत समान वाटले जाते. हे ठाऊक नसलेला बाप ‘मुले आपसांत पाहून घेतील’ असे म्हणून डोळे मिटतो. याला विश्वास म्हणावे काय? आपण उचलायचे ओझे त्याने मुलांच्या खांद्यावर ठेवले, असेच म्हणावे लागेल.

आता अधिक कठीण प्रश्न. सल्ल्यावर भागले नाही, न्यायालयातच जावे लागले, तर? केरळातील पूर्वीच्या त्रावणकोर संस्थानात १९१६ चा ख्रिस्ती उत्तराधिकार कायदा चालत असे. मृत्युपत्र न करता बाप वारला तर मुलीला मुलाच्या वाट्याच्या चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. मेरी रॉय या ख्रिस्ती स्त्रीने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तेथे भारतीय उत्तराधिकार कायदाच लागू होतो, असा निकाल १९८६ साली लागला आणि मुलींना समान वाटा मिळाला. त्यांनी पौलाची आज्ञा मोडली काय? मला तसे वाटत नाही. अन्याय सोसून घ्या, असे पौल सांगतो हे खरे. स्वतःचे नुकसान स्वखुशीने सोसणे हा सद्गुण आहे. पण बहिणीने तिचे नुकसान सोसावे असा उपदेश, त्या नुकसानीचा लाभ घेणाऱ्या भावाने करणे, हा ढोंगीपणा होय.

मग वकील कसा शोधावा? आपल्या देशात बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. त्यामुळे ओळखीपाळखीतूनच नाव कळते, आणि आपण पुष्कळदा ‘आपल्या मंडळीतला’ एवढ्यावरच समाधान मानतो. शस्त्रक्रिया करून घेताना आपण सर्जनची मंडळी विचारत नाही. वकिलाच्या बाबतीत तरी निराळे का? राज्याच्या बार कौन्सिलकडे त्याची नोंद आहे काय, आपल्यासारखी प्रकरणे तो नेहमी चालवतो काय, हे विचारावे. फी लेखी ठरवावी. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळकतीत वाटा मागणे नियमबाह्य आहे. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. ‘हमखास जिंकू’ म्हणणाऱ्यापासून, आणि ‘साहेबांना भेटून घेऊ’ म्हणणाऱ्यापासून तर फारच दूर राहावे.

पैसा नाही म्हणून कोणी खचू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, बालके, अपंग, कोठडीतील व्यक्ती, अनुसूचित जाती व जमाती यांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याची तरतूद केली आहे. १९५० च्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती बांधव अनुसूचित जातींत मोडत नाहीत, हे दुःख आहेच. पण अल्प उत्पन्नाच्या आधारे त्यांनाही हे दार उघडे आहे. जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करावी, किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. याच कायद्याखालील लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते. बंधूंमध्ये निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यांत नाही काय, असे पौलाने करिंथकरांना विचारले होते. त्याला हवे होते ते याच्या बरेच जवळचे असावे.

मराठी पवित्र शास्त्रात ‘पॅराक्लेतोस’ या ग्रीक शब्दासाठी ‘कैवारी’ हा शब्द योजला आहे. ज्याला आपल्या बाजूस बोलावले तो, असा मूळ अर्थ. बाजूस उभा राहणारा प्रत्येक जण हो ला हो करील असे मात्र नाही. चांगला वकील प्रथम विरुद्ध पक्षाचे म्हणणे विचारतो, आणि आपली बाजू लंगडी असेल तर तोंडावर तसे सांगतो. असा सल्ला ऐकून कित्येक जण उठतात आणि मनासारखे बोलणारा दुसरा वकील गाठतात. तेव्हा, वाचकहो, वकिलाची पारख करताना आपलीही पारख होत असते. आपल्याला न्याय हवा आहे की विजय, हे आपण कोणाच्या दारी थांबतो त्यावरून कळते.