थैलीतील दोन वजने

(वाचावयाचे शास्त्रभाग : अनुवाद २५:१३–१६, प्रेषितांची कृत्ये २०:७–१२)



मोशेच्या द्वारे इस्राएल लोकांस जे नियम लावून देण्यात आले, त्यांत वजनमापांविषयीही एक नियम आहे. मनुष्याने आपल्या थैलीत एक जड व एक हलके अशी दोन वजने बाळगू नयेत, आणि घरात दोन मापे ठेवू नयेत, असे तेथे सांगितले आहे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, खोट्या वजनाने गिऱ्हाईक फसेपर्यंत नियमशास्त्र थांबत नाही. दोन वजने जवळ असणे हेच ते देवाच्या दृष्टीने अमंगळ ठरविते. आमच्या मंडळ्यांत दुकानदार थोडे आहेत, म्हणून हा भाग आम्हांकरिता नव्हे असे पुष्कळांस वाटते. आम्हांसही तसेच वाटत असे. परंतु एका उसाच्या हंगामात एका बंधूने आम्हांपुढे दोन वह्या आणून ठेविल्या, तेव्हा हा भाग आम्हांस पुन्हा वाचावा लागला.

हा बंधु शिरूर तालुक्यात राहतो व मालमोटार चालवितो. दिवसा तो एका वाहतूकदाराच्या गाडीने रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील माल न्हावरे, चौफुला या मार्गाने कुरकुंभास नेत असे. रात्री दुसऱ्या मालकाच्या गाडीवर बसून दौंड तालुक्यात कारखान्यास ऊस पोहोचवीत असे. दोन्ही मालकांची निरनिराळी वही होती. पहिल्या वहीत सकाळी ७ ते दुपारी ३ असे लिहिलेले होते. दुसऱ्या वहीत रात्री ८ ते पहाटे ४. दोहोंतही आठच तास भरत होते, आणि एकही अक्षर खोटे नव्हते.

एके दिवशी पहाटे चौफुल्याच्या अलीकडे त्याचा डोळा लागला. चाक मुरमावर घसरले, त्या आवाजाने तो जागा झाला व त्याने गाडी थांबविली. दिव्याच्या उजेडात दोन हातांवर ऊसतोडणी मजुरांची बैलगाडी उभी होती, आणि तिच्यावर एक माता आपल्या लेकरास कुशीत घेऊन निजली होती. कोणास इजा झाली नाही. तिला जागही आली नाही. परंतु आमच्या बंधूचे हात त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कापत होते. तो आमच्या दारी आला, वह्या पुढे ठेविल्या व म्हणाला, "पाळकसाहेब, ह्यांत मी खोटे काय लिहिले, ते मला दाखवा."

आम्ही दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडून बेरीज केली. दिवसाचे सोळा तास झाले. आठवड्याच्या सहा दिवसांचे शहाण्णव. पहाटे ४ पासून सकाळी ७ पर्यंत निजावयास तीन तास उरत, आणि त्यांतच घरी येणे व परत जाणे. दुपारी जे पाच तास मिळत, ते घरकामात व शेतातील पाणी पाहण्यात जात. तेव्हा आम्ही त्यास म्हणालो, "भाऊ, ही वही खरी आहे आणि तीही खरी आहे, परंतु दुसरीने पहिलीचे काही ऐकिलेले नाही. तू रात्री ८ वाजता ताजा होऊन गाडीवर बसलास असे ही वही सांगते, आणि तेच असत्य आहे."

आमचे शेतकरी बंधु कारखान्याच्या काट्याविषयी किती दक्ष असतात, हे दौंड व शिरूरकडील वाचकांस ठाऊक आहे. काटा मारला असा नुसता संशय आला तरी गावात सभा भरते. उसाच्या वजनाविषयी आम्हांस इतका राग येतो, तर मनुष्याच्या तासांचा काटा मारला जात असता आम्ही स्वस्थ कसे बसतो?

राज्याचा कायदाही ह्याच दिशेने चालत आला आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने चालकास दिवसाचे नऊ व आठवड्याचे चोपन्न तास ठरवून दिले होते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ते सामान्यतः आठ व अठ्ठेचाळीस केले. पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, आणि एका दिवसाचे काम संपल्यावर दुसऱ्या दिवसाच्या कामापूर्वी सलग नऊ तास विश्रांती सांगितली. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितेत सामावला गेला, व आठ तासांचे माप तिनेही राखिले आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात तर एका कारखान्यात काम केलेल्या प्रौढ कामगारास त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात कामास लावू नये असे कलमच होते. अमेरिकेत जो चालक एका दिवसात दोन कंपन्यांचे काम करितो, त्याने आपल्या सर्व तासांची नोंद दोघींसही दिली पाहिजे असा नियम आहे. ह्या सर्वांचे मूळ एकच आहे : तास गाडीचे मोजावयाचे नाहीत, मालकाचेही नाहीत, तर मनुष्याचे मोजावयाचे. गाडी बदलली म्हणून देह बदलत नाही.

आमच्या मंडळ्यांत दारू न पिणे हा सद्गुण मानितात, व ते योग्यच आहे. आमचा हा बंधुही दारूस शिवत नाही. परंतु १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रयोग करून दाखविले की, सतरा तास सलग जागलेल्या मनुष्याचे हात व बुद्धि, शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या मनुष्यासारखी चालतात. आपल्या देशात तीस मिलिग्रॅमच्या वर असेल तर गाडी चालविणे गुन्हा आहे. मग एक थेंबही न घेता आम्ही झिंगलेल्या मनुष्यासारखे रस्त्यावर उतरलो, तर त्या बैलगाडीवरील मातेस त्यात काय अंतर?

आता आम्हांस आपला दोष कबूल केला पाहिजे. आदल्या कापणीच्या सणास ह्या बंधूने दुप्पट अर्पण आणिले, तेव्हा आम्ही व्यासपीठावरून त्याची वाखाणणी केली. ते कोणाच्या झोपेतून आले हे विचारिले नाही. पुढे तोच उपासनेत डुलक्या घेऊ लागला, तेव्हा त्याच व्यासपीठावरून त्यास टोचून बोललो. त्रोवस येथे पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेने भारावून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तेव्हा पौलाने त्याच्या झोपेची निर्भर्त्सना केली नाही. तो खाली उतरला व त्याने त्यास कवटाळिले. आम्ही मात्र वरच उभे राहिलो. ह्याबद्दल आम्ही त्या बंधूची क्षमा मागितली आहे.

यास्तव जे आमचे बंधु दोन मालकांकडे गाडी चालवितात, त्यांस आमचे सांगणे हे आहे. आपल्या खिशात आपली स्वतःची एक लहान वही ठेवा. कोणत्या मालकाच्या गाडीवर किती वाजता बसलो, कोठे थांबलो, केव्हा उतरलो आणि किती तास निजलो, हे तिच्यात त्याच वेळी लिहा. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहू नका. माल भरण्यात व काट्याच्या रांगेत जाणारा वेळही कामातच धरा. दुसऱ्या गाडीची किल्ली हातात घेण्यापूर्वी ती वही त्या मालकास दाखवा. तो म्हणेल, "मला काय करावयाचे आहे?" तरी दाखवा. आणि ज्यांच्या पदरी गाड्या आहेत अशा बंधूंनी, कामास आलेल्या चालकास प्रथम हे विचारावे की, "आज कोठून उतरून आलास, आणि निजलास केव्हा?" न विचारण्याने मालक निर्दोष होत नाही. घराच्या धाब्यास कठडा बांधण्याची आज्ञा घरधन्यास आहे, पडणाऱ्यास नव्हे.

आम्ही जाणतो की कोणी हौसेने रात्र जागत नाही. त्या बंधूवर गाडीवाल्याची उचल होती व मुलीच्या शाळेची फी थकली होती. म्हणून मंडळीच्या पंचांनी बसून त्याचा हिशेब पाहिला, उचल फेडण्यास हातभार लाविला, व त्याने रात्रीची गाडी सोडिली. त्याचे अर्पण आता पूर्वीच्या निम्मे आहे, आणि आम्ही ते आनंदाने घेतो. ज्या मंडळीत असा कोणी असेल, तिने नुसता उपदेश करू नये. त्याच्या ओझ्यास खांदा द्यावा.

प्रचारक बंधूंनो, ही गोष्ट केवळ चालकांची आहे असे मानू नका. एकाच भेटीची नोंद दोन अहवालांत करून दोन कामे दाखविणे, हीसुद्धा थैलीतील दोन वजनेच होत. आपली दैनंदिनी व आपला दिवस एकमेकांशी ताडून पाहा.

इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही व निजत नाही, हे एकट्या त्याचेच वैभव आहे. मनुष्यास त्याने झोप दिली, आणि एलीया दमून झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्यास भाकर व पाणी देऊन पुन्हा निजू दिले. आपला पिता आमच्याकडून जे मागत नाही, ते आम्ही पैशास वाहू नये. शनिवारी दिवा लावल्यावर प्रत्येकाने आपली वही उघडावी, आठवड्याची बेरीज करावी, आणि ती प्रभूपुढे वाचता येईल काय, हे पाहावे. तसे करण्यास तो आम्हां सर्वांस साह्य करो. आमेन.